झोई डेस्कटॉपवर स्वतःचे वेब ॲप बसवायचे, तर आधी रस्ता ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्रीच्या बॅच जॉबची स्थिती दाखवणारे एक वेब ॲप तयार आहे. पुढची बाजू रिॲक्टमध्ये, मागची स्प्रिंग बूटमध्ये, आणि ते मेनफ्रेमबाहेर एका लिनक्स सर्व्हरवर चालते. ते झोई डेस्कटॉपवर, म्हणजे मेनफ्रेमची कामे ब्राउझरमधून करायच्या पडद्यावर, इतर ॲप्सच्या शेजारी आयकॉन म्हणून हवे आहे आणि वापरणाऱ्याला दुसऱ्यांदा पासवर्ड टाकावा लागू नये. आयफ्रेम प्लगइनमध्ये, म्हणजे एका पानाच्या आत दुसरे पान दाखवणाऱ्या जोडघटकात, ॲपचा पत्ता टाकून पाहिला, तेव्हा खिडकी उघडली पण पांढरीच राहिली. सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणारे एक हेडर काढल्यावर ॲप दिसले, पण आता लॉगिनचे पान पुन्हा पुन्हा येते. तर सगळे अँग्युलरमध्ये, म्हणजे डेस्कटॉप स्वतः ज्या वेब फ्रेमवर्कवर आहे त्यात, नव्याने लिहावे का?

नव्याने लिहू नका. पांढरी खिडकी आणि लॉगिनचा फेरा या दोन्हींचे मूळ एकच आहे: ब्राउझरला एका डेस्कटॉपच्या आत दोन वेगळे पत्ते दिसत आहेत. ॲप झोईच्या गेटवेमागे आणा आणि ब्राउझरला फक्त गेटवेचा पत्ता दिसेल अशी व्यवस्था करा. मग आयफ्रेम, कुकी, सर्टिफिकेट, कॉर्स (एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरचा डेटा मागण्याचे नियम) यांतली बहुतेक भांडणे उद्भवतच नाहीत. खाली याच क्रमाने जातो, कारण बहुतेक जण प्लगइनपासून सुरुवात करतात आणि रस्त्याचा विचार शेवटी करतात. तो उलटा क्रम महाग पडतो.

कोण कुठे बसलेले असते

झोई हा ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा मुक्तस्रोत प्रकल्प. आयबीएम, सीए टेक्नॉलॉजीज आणि रॉकेट सॉफ्टवेअर यांनी मिळून तो ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर केला. सध्याची तिसरी मोठी आवृत्ती २०२४ मध्ये आली. आपल्या कामापुरते त्याचे चार भाग पुरेत. गेटवे नेहमीच्या मांडणीत ७५५४ पोर्टवर ऐकतो आणि बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आत पाठवतो. डिस्कव्हरी सर्व्हिस ७५५३ वर असते आणि कोणती सर्व्हिस कुठे चालू आहे याची नोंद ठेवते. ॲप सर्व्हर ही नोडवर चालणारी प्रक्रिया ७५५६ वर असते. डेस्कटॉप आणि त्यावरचे प्लगइन तीच पुरवते. झेडएसएस हा सी भाषेतला सर्व्हर ७५५७ वर असतो आणि डेटासेट (मेनफ्रेमच्या पारंपरिक फाइल्स), यूएसएस फाइल्स (युनिक्स पद्धतीच्या), सॅफ तपासणी (परवानग्यांची) अशी झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातली कामे करतो.

पोर्ट प्रत्येक ठिकाणी बदललेले असू शकतात, म्हणून झोईच्या यॅमल फाइलमध्ये (सेटिंग्जच्या मजकूर फाइलमध्ये) खात्री करून घ्या. महत्त्वाचे हे, की डेस्कटॉपसुद्धा गेटवेमागची एक सर्व्हिसच आहे. त्याचा सर्व्हिस आयडी झेडलक्स, म्हणून गेटवेवरचा त्याचा मार्ग /झेडलक्स/यूआय/व्ही१ असा. ७५५६ वर थेट जाऊन डेस्कटॉप उघडायची सवय जुन्या मंडळींना असते. ती सोडा. डेस्कटॉप ७५५६ वरून आणि ॲप ७५५४ वरून आले, तर पोर्ट वेगळा म्हणून ब्राउझरच्या लेखी ते दोन वेगळे ओरिजिन (प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून ठरणारा उगम) ठरतात आणि आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो.

पांढरी खिडकी

स्प्रिंग सिक्युरिटी आपणहून प्रत्येक उत्तराला एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हे हेडर लावते आणि त्याची किंमत डिनाय असते. याचा अर्थ, हे पान कोणत्याही आयफ्रेममध्ये दाखवू नये. ब्राउझर ती अट पाळतो आणि खिडकी रिकामी ठेवतो. ब्राउझरचे डेव्हलपर टूल उघडले, तर कन्सोलमध्ये फ्रेममध्ये दाखवायला नकार दिल्याची ओळ स्पष्ट दिसते. यावर अनेक जण हेडर पूर्ण काढून टाकतात. तसे करू नका. हे हेडर क्लिकजॅकिंगपासून (दुसऱ्या पानात लपवून नकळत क्लिक करवून घेण्यापासून) बचाव करते, आणि ज्या ॲपमधून बॅच जॉब पुन्हा सोडता येतो त्यावर तो बचाव हवाच. किंमत सेमओरिजिन करा, किंवा कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत फ्रेम-ॲन्सेस्टर्सला सेल्फ द्या. ॲप आणि डेस्कटॉप दोघेही गेटवेवरून येत असतील, तर एवढे पुरते.

पांढऱ्या खिडकीची आणखी दोन कारणे वारंवार सापडतात. डेस्कटॉप एचटीटीपीएसवर असतो, म्हणून साध्या एचटीटीपीवरचे पान ब्राउझर आत घेतच नाही. आणि ॲपचे सर्टिफिकेट अंतर्गत सर्टिफिकेट ऑथॉरिटीचे असेल व ती वापरणाऱ्याच्या मशीनवर विश्वासार्ह म्हणून नोंदलेली नसेल, तर वेगळ्या टॅबमध्ये इशारा येतो आणि पुढे जाता येते. आयफ्रेमच्या आत मात्र पुढे जाण्याचे ते बटण मिळत नाही. ‘माझ्याकडे चालते, सहकाऱ्याकडे चालत नाही’ या तक्रारीचा उगम बहुधा इथे असतो: एकाने तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून इशारा मान्य केलेला असतो. गेटवेमागे गेल्यावर ब्राउझर फक्त गेटवेचे सर्टिफिकेट पाहतो, त्यामुळे ही दोन्ही कारणे संपतात.

लॉगिनचा फेरा

झोईत लॉगिन झाले, की गेटवे एक जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे सही केलेले डिजिटल ओळखपत्र, देतो आणि ते एपीआयएमएल ऑथेंटिकेशन टोकन या नावाच्या कुकीत ठेवतो. ही कुकी सिक्युअर आणि एचटीटीपी-ओन्ली असते, म्हणजे जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. ॲपने टोकन हाताने उचलून स्वतःच्या बॅकएंडकडे पाठवावे, ही कल्पना इथेच संपते, आणि ते योग्यच आहे. कुकी गेटवेच्या होस्टनावाशी बांधलेली असते. ॲप वेगळ्या होस्टवर असेल, तर त्या होस्टकडे ती जाणार नाही. बॅकएंडला टोकन मिळत नाही, तो लॉगिन पानाकडे वळवतो, लॉगिनने स्वतःची कुकी ठेवायचा प्रयत्न केला तरी आयफ्रेममधली ती कुकी परक्या साइटची म्हणून ब्राउझर अडवतो, आणि पुन्हा लॉगिनचे पान येते. फेरा तयार होतो तो असा. कॉर्सची हेडरे वाढवून, कुकीची सेमसाइट अट सैल करून हा फेरा तोडता येत नाही असे नाही, पण प्रत्येक ब्राउझर अद्ययावत झाल्यावर तो परत सुरू होण्याची टांगती तलवार राहते.

एक बारकावा लक्षात असू द्या: कुकी होस्टनाव पाहते, पोर्ट पाहत नाही. म्हणून चाचणीच्या मशीनवर, जिथे सगळे एकाच होस्टवर वेगवेगळ्या पोर्टवर असते, तिथे सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर सगळे उघडणे) चालल्यासारखे दिसते आणि खऱ्या वातावरणात गेल्यावर कोसळते.

गेटवेवर नोंद

नोंद दोन प्रकारे होते. स्प्रिंग बूट ॲपमध्ये झोईचा जावा एनेबलर (नोंदणी करणारी लायब्ररी) टाकला, तर ॲप सुरू होताना स्वतःच डिस्कव्हरी सर्व्हिसकडे नोंदते आणि ठराविक अंतराने हजेरी देत राहते. यात ॲप बंद पडले की नोंद आपोआप उतरते, एकापेक्षा जास्त प्रती चालवता येतात, हे फायदे. पण डिस्कव्हरी सर्व्हिसशी बोलायला ॲपकडे झोईला मान्य असलेले क्लायंट सर्टिफिकेट लागते, आणि ते मिळवायला सुरक्षा विभागाची चक्कर होते. दुसरा प्रकार स्थिर नोंदीचा: एक यॅमल फाइल, कोडमध्ये काही बदल नाही. माझा सल्ला, सुरुवात स्थिर नोंदीने करा. सगळा रस्ता एकदा चालून पाहा, मग गरज वाटली तर एनेबलरकडे जा.

यॅमल फाइलमध्ये सर्व्हिस आयडी लागतो. तो फक्त लहान इंग्रजी अक्षरे व अंक, कमाल ४० अक्षरे. हायफन, अंडरस्कोर चालत नाहीत. तो प्रत्येक पत्त्यात येणार असल्याने आखूड ठेवा. इथे उदाहरणाला बॅचव्ह्यू घेऊ. मग इन्स्टन्स बेस यूआरएल, म्हणजे लिनक्स सर्व्हरवरचा ॲपचा खरा पत्ता, पोर्टसकट. मग रूट्स, आणि इथे नीट विचार करा. प्रत्येक रूटमध्ये दोन बाजू असतात: गेटवेवरचा मार्ग आणि सर्व्हिसवरचा मार्ग. यूआय/व्ही१ ही पानांसाठी, एपीआय/व्ही१ ही डेटासाठी, आणि ॲप वेबसॉकेट वापरत असेल तर डब्ल्यूएस/व्ही१ ही तिसरी. वेबसॉकेटचा रूट वेगळा द्यायचे राहून गेले, तर पान नीट येते, पण जॉबची जिवंत स्थिती बदलत नाही, आणि दोष डेटाबेसमध्ये शोधला जातो.

इन्स्टन्स बेस यूआरएलमध्ये आधीच एखादा कॉन्टेक्स्ट पाथ असेल आणि तोच सर्व्हिसच्या बाजूच्या मार्गातही लिहिला, तर तो दोनदा जोडला जाऊन ४०४ येते. अशा वेळी गेटवेचा लॉग पाहण्यापेक्षा ॲपचा ॲक्सेस लॉग पाहा. आत नेमका कोणता मार्ग पोहोचला ते तिथे अक्षरशः लिहिलेले असते.

गेटवे ॲपशी टीएलएसवर बोलतो, म्हणून ॲपचे सर्टिफिकेट ज्या ऑथॉरिटीने दिले, तिचे मूळ सर्टिफिकेट झोईच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासार्ह सर्टिफिकेटांच्या साठ्यात) किंवा रॅकएफ या झेड/ओएसच्या सुरक्षा प्रणालीच्या कीरिंगमध्ये जोडावे लागते. झोईच्या यॅमलमध्ये व्हेरिफाय सर्टिफिकेट्स अशी एक सेटिंग आहे. स्ट्रिक्ट असेल तर सर्टिफिकेटची साखळी आणि होस्टनाव दोन्ही तपासले जातात; नॉन-स्ट्रिक्टमध्ये होस्टनाव सोडले जाते; डिसेबल्डमध्ये काहीच तपासले जात नाही. प्रयोगाच्या दिवशी ती डिसेबल्ड करायचा मोह होतो. पण ही सेटिंग तुमच्या एका ॲपपुरती नाही, ती अख्ख्या झोईला लागू होते. ॲपच्या सर्टिफिकेटमध्ये योग्य होस्टनाव पर्यायी नावांच्या यादीत घालून घ्या आणि स्ट्रिक्टच राहू द्या.

फाइल जागेवर ठेवल्यावर एपीआय कॅटलॉगमधून स्थिर नोंदी ताज्या करता येतात, झोई बंद करून सुरू करायची गरज नसते. गेटवेला नवी सर्व्हिस कळायला एखाद-दोन मिनिटे लागू शकतात. लगेच तपासून ‘चालत नाही’ म्हणत यॅमल बदलू नका. कॅटलॉगमध्ये टाइल दिसली, की ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता, पुढे /बॅचव्ह्यू/यूआय/व्ही१ असे टाकून ॲप स्वतंत्र टॅबमध्ये उघडा. ते तिथे पूर्ण चालेपर्यंत डेस्कटॉपकडे वळूच नका.

पान येते, पण विस्कटलेले

स्वतंत्र टॅबमधली पहिली चाचणी जवळजवळ नेहमी अर्धवट फसते. पानाचा सांगाडा येतो, स्टाइल आणि जावास्क्रिप्ट येत नाही. कारण रिॲक्टच्या नेहमीच्या बिल्डमध्ये फाइल्सचे पत्ते सर्व्हरच्या मुळापासून लिहिलेले असतात, /स्टॅटिक असे सुरू होणारे. ॲप स्वतःच्या होस्टवर मुळाशी बसलेले असते तेव्हा ते बरोबर. गेटवेवर मात्र त्याचे घर तीन पायऱ्या आत आहे, आणि मुळाशी गेटवे स्वतः बसला आहे. बिल्ड सापेक्ष पत्त्यांनी करा. क्रिएट-रिॲक्ट-ॲपमध्ये पॅकेज फाइलच्या होमपेजला एक ठिपका द्यायचा, व्हीटमध्ये बेसला ठिपका आणि स्लॅश, अँग्युलरमध्ये बेस-एचरेफला तेच. आणि पत्ता उघडताना शेवटचा स्लॅश असू द्या, नाहीतर सापेक्ष पत्ते एक पायरी वर जाऊन शोधतात.

पानांतर्गत फिरण्यासाठी हॅश राउटिंग घ्या. हिस्टरी राउटिंगमध्ये वापरणाऱ्याने आतल्या पानावर रिफ्रेश केले, की तो मार्ग थेट सर्व्हरकडे जातो आणि तो सर्व्हरला माहीत नसतो. आयफ्रेमच्या आत पत्त्याची पट्टी दिसतच नाही, त्यामुळे सुंदर पत्त्यांसाठी हा त्रास घेण्यात अर्थ नाही.

बॅकएंडच्या रीडायरेक्टकडेही पाहा. स्प्रिंग बूटने एखाद्या विनंतीला दुसरीकडे वळवले, तर तो लोकेशन हेडरमध्ये स्वतःला माहीत असलेला लिनक्स होस्टच लिहितो, आणि ब्राउझर गेटवे सोडून थेट तिकडे जातो. फायरवॉल ते अडवते आणि वापरणाऱ्याला टाइमआउट दिसतो. स्प्रिंग बूटच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये फॉरवर्ड हेडर्स स्ट्रॅटेजी फ्रेमवर्क अशी ठेवली, की तो गेटवेने पाठवलेली एक्स-फॉरवर्डेड हेडरे वाचतो आणि बाहेरचा पत्ता बरोबर बांधतो.

डेटासेटच्या नावांचे वेगळे सांगतो, कारण मेनफ्रेमबाहेरून आलेल्या वेब डेव्हलपरला ते माहीत नसते. डेटासेटच्या नावात @, # आणि $ ही तीन चिन्हे चालतात. # ब्राउझरसाठी पत्त्याचा शेवट असतो. त्यापुढचे सर्व्हरकडे जातच नाही. नाव पत्त्यात घालण्यापूर्वी त्याचे यूआरएल एन्कोडिंग करा, # च्या जागी %२३ जाते. हे न केल्यास चूक दिसत नाही, वेगळ्याच डेटासेटची माहिती शांतपणे येते, आणि ते जास्त धोक्याचे.

ॲपमधून झेड/ओएसएमएफच्या (झेड/ओएस वेबवरून हाताळायच्या आयबीएमच्या साधनाच्या) एपीआय थेट बोलावत असाल, तर त्याही गेटवेवरून, आयबीएमझेडओएसएमएफ या सर्व्हिसमार्फत बोलवा. एक्स-सीएसआरएफ-झेडओएसएमएफ-हेडर नावाचे हेडर प्रत्येक विनंतीत लागते. किंमत रिकामी असली तरी चालते, पण हेडर हवे. नसेल तर विनंती नाकारली जाते.

वापरणारा कोण, हे बॅकएंडला कळणे

स्थिर नोंदीत ऑथेंटिकेशन स्कीम नावाचा भाग असतो. तो न लिहिल्यास बायपास धरला जातो, म्हणजे गेटवे ओळखीत काही फेरफार न करता विनंती पुढे ढकलतो. तुमच्यासारख्या ॲपला दोन पर्याय उपयोगी आहेत.

पहिला झोई-जेडब्ल्यूटी. टोकन बॅकएंडपर्यंत येते आणि बॅकएंडने ते स्वतः तपासायचे. तपासणीसाठी लागणाऱ्या सार्वजनिक चाव्या गेटवे एका एंडपॉइंटवर देतो, आणि स्प्रिंग सिक्युरिटीला त्या वाचता येतात. सही तपासा, मुदत तपासा, मगच सब्जेक्टमधला यूजर आयडी वापरा. टोकन नुसते डिकोड करून नाव काढणे म्हणजे तपासणी नव्हे. जेडब्ल्यूटी कोणीही हाताने लिहू शकतो. ॲप लिनक्सवर असेल, तर हाच मार्ग घ्या.

दुसरा पासटिकिटचा. बॅकएंड झेड/ओएसवरचा आणि जुना असेल, त्याला फक्त यूजर आयडी व पासवर्डच समजत असेल, तर गेटवे प्रत्येक वेळी पासवर्डऐवजी रॅकएफकडून पासटिकिट, म्हणजे थोडाच वेळ चालणारा एकवेळचा पासवर्ड, बनवून देतो. नोंदीत त्या बॅकएंडचा ॲपल-आयडी (APPLID, म्हणजे झेड/ओएसवरचे ॲप्लिकेशनचे नाव) लिहावा लागतो. सुरक्षा प्रशासकाला तीन गोष्टी सांगा: त्या ॲपल-आयडीसाठी पीटीकेटीडेटा या रॅकएफ क्लासमध्ये (नियमांच्या गटात) प्रोफाइल (एक नियम), झोईच्या स्टार्टेड टास्कच्या, म्हणजे झेड/ओएसवर चालणाऱ्या तिच्या प्रक्रियेच्या, यूजरला (नेहमीच्या मांडणीत झेडडब्ल्यूईएसव्हीयूएसआर) त्या ॲपल-आयडीचे पासटिकिट बनवायची अपडेट परवानगी, आणि शेवटी क्लासचा रिफ्रेश. तिसरी गोष्ट राहून जाते आणि पहिल्या दोन बरोबर असूनही काही चालत नाही. पासटिकिट साधारण १० मिनिटे चालते आणि घड्याळावर अवलंबून असते, म्हणून दोन सिस्टिमच्या वेळेत फरक असेल तर ते नाकारले जाते. एकदा वापरलेले पासटिकिट रॅकएफ पुन्हा घेत नाही. बॅकएंड एकाच पासटिकिटावर अनेक जोडण्या उघडत असेल, तर पहिली यशस्वी आणि बाकीच्या अयशस्वी असे विचित्र चित्र दिसते.

गेटवेला ओळखीचे रूपांतर जमले नाही, तर तो विनंती तरीही पुढे पाठवतो आणि सोबत एक्स-झोई-ऑथ-फेल्युअर या हेडरमध्ये कारण लिहितो. बॅकएंडच्या लॉगमध्ये हे हेडर छापायची सोय पहिल्याच दिवशी करा. एरवी तुम्हाला नुसते ४०१ दिसते आणि दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आता प्लगइन

हा भाग लहान आहे. एक फोल्डर घ्या. त्यात प्लगइन डेफिनिशन नावाची जेसन फाइल, वेब नावाचे उपफोल्डर, आणि घटकाची माहिती सांगणारी मॅनिफेस्ट यॅमल. जेसनमध्ये आयडेंटिफायर उलट्या डोमेन नावाच्या पद्धतीचा, प्लगइनची आवृत्ती, प्रकार ॲप्लिकेशन, आणि वेब कंटेंटमध्ये फ्रेमवर्क आयफ्रेम. लाँच डेफिनिशनमध्ये आयकॉनखाली दिसणारे नाव आणि चित्राचा मार्ग. खिडकीची रुंदी-उंची इथेच ठरते. जॉबच्या तक्त्याला सहा-सात स्तंभ असतील, तर डीफॉल्ट खिडकी अपुरी पडते, मोठी द्या. एकाच वापरणाऱ्याने पाच खिडक्या उघडून पाचपट विनंत्या पाठवू नयेत असे वाटत असेल, तर सिंगल विंडो ॲपची खूण ट्रू करा.

स्टार्टिंग पेजमध्ये पूर्ण पत्ता लिहिता येतो, पण लिहू नका. त्यात होस्टनाव येते, आणि सिसप्लेक्समध्ये (एकत्र जोडलेल्या मेनफ्रेम सिस्टिममध्ये) झोई दुसऱ्या एलपारवर (मेनफ्रेमच्या स्वतंत्र विभागावर) गेली, किंवा चाचणीचे पॅकेज उत्पादनात नेले, की ते चुकीचे ठरते. पुण्या-मुंबईच्या टीम परदेशी ग्राहकाच्या मेनफ्रेमवर व्हीपीएन आणि रिव्हर्स प्रॉक्सीतून येतात, तेव्हा त्यांना दिसणारे होस्टनाव बऱ्याचदा आतल्यापेक्षा निराळेच असते. त्याऐवजी स्टार्टिंग पेज इंडेक्स एचटीएमएल ठेवा आणि त्या फाइलमध्ये एकाच ओळीची जावास्क्रिप्ट: लोकेशन रिप्लेसला /बॅचव्ह्यू/यूआय/व्ही१/ हा मार्ग द्या, होस्ट न लिहिता. डेस्कटॉप ज्या पत्त्यावरून उघडला, त्याच पत्त्यावरून ॲप येते. हीच फाइल कोणत्याही वातावरणात न बदलता चालते. बाहेरून दिसणारे प्रत्येक होस्टनाव मात्र झोईच्या एक्स्टर्नल डोमेन्सच्या यादीत आणि गेटवेच्या सर्टिफिकेटमध्ये असले पाहिजे.

मॅनिफेस्टमध्ये नाव, आयडी, आवृत्ती, ॲप फ्रेमवर्क प्लगइनचा मार्ग, आणि स्थिर नोंदीची यॅमलही जोडा, म्हणजे प्लगइन आणि रस्ता एकाच पॅकेजमधून बसतात. दुसऱ्या आवृत्तीपासून घटकासोबत स्कीमा फाइलही लागते. ती नसेल तर पडताळणी अडते. सगळे पॅक्स, झिप किंवा टार करून झेडडब्ल्यूई या झोईच्या आज्ञासाधनाच्या कंपोनंट्स इन्स्टॉल या आज्ञेने बसवा, कंपोनंट्स एनेबलने चालू करा आणि झोई पुन्हा सुरू करा.

अक्षरसंचाचा घोळ इथेच होतो. झेड/ओएसवर यूएसएस फाइलला एक टॅग असतो, तिच्यातली अक्षरे एबसिडिक (मेनफ्रेमचा अक्षरसंच) आहेत की ॲस्की हे सांगणारा. टॅग नसलेली किंवा चुकीचा टॅग असलेली जेसन नोडने वाचली, तर पहिल्याच अक्षरावर पार्सिंग फसते आणि प्लगइन यादीत येत नाही. एलएसला मोठ्या टीचा पर्याय देऊन टॅग पाहा, सीएचटॅगने दुरुस्त करा. चित्रांना बायनरीचा टॅग द्या. पॅकेज एफटीपीने पाठवत असाल, तर बायनरी मोडमध्येच. मजकूर मोडमध्ये झिप आणि आयकॉन दोन्ही बिघडतात, आणि आयकॉनच्या जागी मोडके चित्र दिसणे ही त्याची पहिली खूण. ॲपच्या लेबलांत देवनागरी असेल, तर त्या फाइल्स यूटीएफ-८ मध्येच ठेवा. आयबीएम-१०४७ या एबसिडिक संचात फक्त लॅटिन अक्षरे आहेत, देवनागरीला तिथे जागाच नाही. एकदा त्यात रूपांतर झाले की मूळ मजकूर परत मिळत नाही.

बॅकएंड ॲप सर्व्हरमध्येच लिहावा का

प्लगइनच्या डेटा सर्व्हिसेसमध्ये राउटर प्रकारची सेवा लिहून बॅकएंड थेट ॲप सर्व्हरच्या नोडमध्ये चालवता येतो. छोट्या कामाला छान, पण दोन मर्यादा ओळखून. ॲप सर्व्हर एकापेक्षा जास्त वर्कर प्रक्रियांत चालतो, त्यामुळे एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेली माहिती पुढच्या विनंतीला सापडेलच असे नाही. आणि तुमच्या कोडने लांब हिशोब करत धागा अडवला, तर त्या वर्करवरचा सगळ्यांचा डेस्कटॉप थांबतो. नेटिव्ह भाग असलेली एनपीएम पॅकेजे झेड/ओएसवर बांधली जातीलच याचीही खात्री नसते. तयार स्प्रिंग बूट बॅकएंड हातात असताना हे करू नका. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी, म्हणजे कोणते स्तंभ दिसावेत, कोणता फिल्टर लागावा, एवढेच साठवायचे असेल, तर झोईची कॉन्फिग सेवा आहे. ती प्रॉडक्ट, साइट, इन्स्टन्स आणि यूजर अशा पातळ्यांवर माहिती ठेवते.

अँग्युलर किंवा रिॲक्टचा मूळ प्लगइन लिहिला, तर खिडकीचे मेनू, सूचना, दुसऱ्या ॲपला संदर्भ देऊन उघडणे हे सगळे सहज मिळते. किंमत ही, की अँग्युलरचा प्लगइन डेस्कटॉपच्या अँग्युलर आवृत्तीशी बांधला जातो; दुसऱ्या आवृत्तीतून तिसऱ्या आवृत्तीत जाताना अशा प्लगइनना हात लावावाच लागला, आयफ्रेमवाल्यांना नाही. जॉबच्या ओळीवर क्लिक करून त्याचे आउटपुट दुसऱ्या झोई ॲपमध्ये उघडायचे असेल, तर तेवढ्यासाठीही पुनर्लेखन नको. आयफ्रेमसाठीचा ॲडॅप्टर डेस्कटॉपच्या सेवा जावास्क्रिप्ट प्रॉमिसच्या (नंतर येणाऱ्या उत्तराच्या) रूपात देतो.

परवानगी

आयकॉन लपवणे म्हणजे संरक्षण नव्हे, कारण गेटवेवरचा मार्ग कोणीही थेट टाकू शकतो. जॉब पुन्हा सोडणे, रद्द करणे या कृतींची परवानगी बॅकएंडमध्येच तपासा, शक्य तर सॅफकडून. ॲप सर्व्हरमधल्या डेटा सर्व्हिसेसना आरबीएसी (भूमिकेनुसार परवानगी) आहे, ते नेहमीच्या मांडणीत बंद असते. चालू केल्यावर झोई क्लासमध्ये प्रोफाइल लागतात आणि प्रोफाइलच्या नावात प्लगइनचा आयडी, सेवेचे नाव, एचटीटीपी पद्धत आणि मार्ग असे सगळे येते. आयडीतले ठिपके तिथे अंडरस्कोर होतात. सॅफ प्रोफाइलची मर्यादा २४६ अक्षरांची. त्याहून लांब मार्ग शेवटून छाटला जातो आणि दोन वेगळ्या एंडपॉइंटना एकच प्रोफाइल लागू होऊ शकते. म्हणून मार्ग आखूड ठेवा.

बिघाड शोधताना

आतून बाहेर या. आधी लिनक्सवर ॲप थेट उघडते का. मग गेटवेवरून, स्वतंत्र टॅबमध्ये. मग डेस्कटॉपमध्ये. आयकॉनच दिसत नसेल, तर ॲप सर्व्हरच्या लॉगमध्ये झेडडब्ल्यूईडी००३१आय हा संदेश पाहा; त्यात किती प्लगइन यशस्वीपणे लोड झाले ते येते, आणि १०० टक्के नसेल तर वरच्या ओळींत अयशस्वी प्लगइनचे नाव व कारण असते. ॲप उघडते पण डेटा येत नसेल, तर झेड/ओएसच्या सिस्टिम लॉगमध्ये आयसीएच४०८आय हा रॅकएफचा नकाराचा संदेश शोधा. कोणता यूजर, कोणते प्रोफाइल, कोणती परवानगी मागितली आणि कोणती होती, हे चारही त्यात असते, आणि सुरक्षा प्रशासकाला तोच संदेश जसाच्या तसा पाठवला की काम लवकर होते.

चाचणी मात्र स्वतःच्या यूजरने करून थांबू नका. सिस्टिम प्रोग्रॅमरच्या आयडीला बहुतेक दारे उघडीच असतात. ज्या गटासाठी ॲप आहे, त्यातल्या साध्या परवानगीच्या आयडीने, नव्या ब्राउझर प्रोफाइलमधून, कोणतेही जुने लॉगिन नसताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा: लॉगिन, आयकॉन, तक्ता, एक जॉब पाहणे, एक नाकारली जायलाच हवी अशी कृती. मग टोकनची मुदत संपू द्या आणि ॲपची उघडी खिडकी तशीच वापरून पाहा. टोकन साधारण ८ तास चालते, म्हणजे रात्रपाळीवाल्याला ही वेळ रोज येणार. त्या क्षणी बॅकएंडकडून ४०१ आल्यावर ॲपने आतच स्वतःचे लॉगिन पान न दाखवता ‘डेस्कटॉपवर पुन्हा लॉगिन करा’ एवढे सांगावे आणि भरलेला फिल्टर तसाच ठेवावा.